मोनिकाचे चाळीस सेकंद

मोनिका साळवे विसरत नाही. तिच्याबद्दल एकच वाक्य लिहायला सांगितलं तर मी हेच लिहीन, आणि तक्रार म्हणून लिहिणार नाही.

पडेगावच्या शाळेत मी शिकवायचे आणि सातवीत ती माझ्या वर्गात होती. शिवम नावाच्या एका मुलाने तिच्यावर रंगीत खडू चोरल्याचा आळ घेतला. खडू दुसऱ्याच दिवशी कपाटामागे सापडले. शिवम हसला, मुलं हसली, प्रकरण मिटलं. त्या वर्षी स्नेहसंमेलनात शिवमचं लांबलचक भाषण होतं आणि पडद्याआड कागद घेऊन, अडला तर शब्द पुरवायला, मोनिका बसली होती. शिवम मध्येच अडला. त्याने पडद्याकडे पाहिलं. मोनिकाचं बोट बरोबर त्या ओळीवर होतं, नजर त्याच्या तोंडावर होती आणि ओठ मिटलेले होते. तो तसाच उभा राहिला आणि शेवटी रडत आत गेला. मी रागावले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाई, मी काहीच केलं नाही."

ते अगदी खरं होतं.

तिचे वडील बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. गाड्यांचे सुटे भाग तिथे जोडले जातात. लेकीने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं आणि तिला त्याच कारखान्यात नोकरी लागली, तीही मशीनवर नव्हे, काचेच्या खोलीत, तेव्हा बन्सी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ते ऐकवायचा. ती खोली बसमधून दिसत नसे. तरी तो बोट करून दाखवायचा.

मोनिकाचं काम काय, हे मी तिच्याकडून दोनदा समजावून घेतलं. कारखान्याच्या दोन शेड आहेत, रस्त्याच्या दोन अंगांना. जुन्या शेडमधल्या कॉम्प्युटरवरून हुकूम निघतात, नव्या शेडमधली जोडणीची लाइन त्याप्रमाणे चालते. मध्ये दोन केबली. एक जमिनीखालून जाणारी, काचेच्या तंतूची; दुसरी खांबांवरून नेलेली, अडीअडचणीसाठी. दोन्ही टोकांना राउटर नावाचे डबे बसवलेले असतात. कुठला निरोप कुठल्या वाटेने पाठवायचा हे ते डबे आपसात ठरवतात. एक वाट तुटली की त्यांनी दुसरी धरायची. ते किती लवकर धरतात, यावर सगळं अवलंबून.

"पण तुटली हे त्यांना कळतं कसं?" मी विचारलं होतं.

ती म्हणाली, हजेरीसारखं. राउटर एकमेकांना दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असं कळवत राहतात. आपण हजेरी घेताना एका हाकेला ओ आली नाही म्हणून लगेच गैरहजर मांडत नाही. तसे तेही थांबतात. चार हाका वाया गेल्या की समोरचा गेला असं धरायचं आणि मग नवी वाट शोधायची. डबा विकत आणला की हीच सवय त्याला लावलेली असते. म्हणजे चाळीस सेकंद. घरात बसून कुणी सिनेमा बघत असेल तर चाळीस सेकंदांनी काही बिघडत नाही. लाइनवर मात्र दोन-तीन सेकंद हुकूम आला नाही की यंत्रं सुरक्षेसाठी आपोआप बंद होतात, आणि मग एकेक यंत्र हाताने परत सुरू करावं लागतं. अर्धी पाळी त्यातच जाते. मोनिकाने राउटरना नवी सवय लावली. एका सेकंदात कित्येक हाका, आणि वाट तुटली की पापणी लवायच्या आत दुसरी. तिचे वरचे साहेब विश्वजीत यांनी परवानगी दिली, पण नाखुशीने. चालतंय ते कशाला हलवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग खंडेनवमी आली.

वाळूजमध्ये त्या दिवशी यंत्रं थांबवतात, पुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. ज्याचं यंत्र, त्याने नारळ फोडायचा, असा रिवाज आहे. राउटरच्या कपाटाचा नारळ मोनिकाच्या हातात आला. साळवे बौद्ध आहेत. बन्सीच्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात पूजा नाही. दसऱ्याला हे कुटुंब पांढरे कपडे घालून बुद्धलेणीच्या पायथ्याशी जातं. मोनिकाने कपाट स्वतः आतून-बाहेरून पुसून दिलं होतं. नारळ तिने अदबीने बाजूला ठेवला आणि म्हणाली, तुम्ही करा, मी थांबते. विश्वजीतनी पूजा केली. हार लांब होता आणि कपाटाच्या दाराला कुठे अडकेना. तेव्हा त्यांनी तो आतल्या पिवळ्या, काचेच्या तंतूच्या केबलला वळसा घालून, दोरीची घट्ट गाठ मारून बांधला. छान दिसला म्हणे.

काचेची केबल फार वाकवली की तिच्यातला उजेड बाहेर सांडतो. ती तुटत नाही, लुकलुकते. सुटी संपून कारखाना सुरू झाला तशी ती वाट जाऊ-येऊ लागली. गेली की राउटर दुसऱ्या वाटेला, आली की परत पहिलीवर, पुन्हा गेली. या धरसोडीत निरोप सांडले आणि लाइन बसली. मोनिका धावत आली, कपाट उघडलं, गाठ दिसली. तिने कात्रीने दोरी कापली, हार कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि लाइन सुरू करायला पळाली. आधी लाइन, हा तिचा स्वभाव. पुरावा आपण आपल्याच हाताने टाकला हे तिला संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कळलं.

"त्यात माझंही थोडं होतं, बाई," ती मला म्हणाली. "वाट परत आली की तिच्यावर लगेच सगळं टाकायचं नसतं. थोडी स्थिर राहते का बघायचं असतं. ते मी अजून बसवलं नव्हतं. साहेबांनी तेवढं धरलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण त्यांनी ते धरलंच नाही. त्यांनी पूजेचं धरलं."

विश्वजीत मीटिंगमध्ये म्हणाले होते, "साळवे मॅडमनी नारळाला हात लावला नाही. मशीन रुसलं बहुतेक." सगळे हसले. हाराचं तिने सांगितलं तेव्हा कसला हार, असं त्यांनी विचारलं. मग गंभीर होऊन म्हणाले, नको तिथे सेटिंग बदललं की असं होतं. तिची सगळी सेटिंग काढून चाळीस सेकंदांची जुनी सवय परत लावली, आणि मोनिकाला गेटवर पाहुण्यांचे पास बनवायला बसवलं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर ती एका माणसावरच रागावली असती. पण दुसऱ्या दिवशी बन्सी कँटीनच्या दारात विश्वजीतपुढे उभा राहिला आणि त्याने हात जोडले. सगळी पाळी जेवत होती. लेकरू हाय साहेब, चुकलं, पोटात घाला, असं म्हणाला. इतकं म्हणून थांबला असता तरी चाललं असतं. पुढे म्हणाला, "पुढल्या साली नारळ म्या फोडतो."

आणि पुढच्या खंडेनवमीला त्याने तो फोडला. तोवर मोनिका ती नोकरी सोडून गेली होती. पण वाळूजची गोष्ट पडेगावात पोचायला वेळ लागत नाही.

मी बन्सीला दोष देत नाही. कंत्राटी माणसाला उद्या कामावर घेतील की नाही हे त्याला रोज नव्याने कळतं. त्याला भीती लेकीच्या नोकरीची होती, स्वतःच्या नोकरीचीही होती, आणि ती भीती त्याने त्याला येत होतं तसं जोडलेल्या हातांनी मांडली. पण मोनिकाने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, गोळ्या आणायची, चपला दुरुस्त करून ठेवायची. फक्त त्याला उद्देशून एक शब्द नाही. सत्यभामाने, तिच्या आईने, पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं की तुमच्या दोघांच्या मधी मी पडायची नाय.

मग ते काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते. बन्सी कामावरून आला की माझ्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, मोनाला म्हणावं गॅसचा नंबर लावलाय. मोनिका भाजी घेऊन येता येता सांगायची, पप्पांना सांगा डोळ्यांच्या डॉक्टरचं नक्की झालं. एकाच घरातले निरोप माझ्या ओट्यावरून वळसा घालून जायचे. दोन वर्षं मी दोघांमध्ये हेलपाटे घातले, आणि खरं सांगायचं तर दोघंही माझ्याकडे रोज येतात याचं मला बरं वाटायचं.

मोनिकाला शहरातल्याच एका तपासणी कंपनीत काम मिळालं होतं. गाड्या बनवणारे मोठे कारखाने त्यांना माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची तपासणी करून घेतात. वाट तुटली तर तुमचं काम किती वेळ थांबतं, हे बघायला माणूस पाठवतात. आपला जुना कारखाना यादीत आहे हे कळल्यावर तिने तो मागून घेतला. आपण तिथे नोकरीला होतो, हे तिने तिच्या साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, बरंच आहे, कुठे काय आहे ते तुला माहीत असेल.

माहीत होतंच. दोन वर्षं ती दुसरं काही पाठच करत नव्हती.

ती तपासणीला गेली तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मी तिथे नव्हते. पण मोनिकाने सांगितलं, बन्सीने सांगितलं, आणि आमच्या पडेगावचेच काकासाहेब तिथे जुने टेक्निशियन आहेत, त्यांनीही सांगितलं. तिघांचं सांगणं जुळलं, म्हणून लिहिते.

गेटवर तिने त्याच खिडकीतून पाहुण्याचा पास घेतला जिच्यामागे तिला बसवलं होतं. विश्वजीत स्वतः दारात आले. आता ते त्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी हसून या मॅडम म्हटलं, चहा मागवला, जुन्या ओळखीचं काहीतरी बोलले. काचेच्या खोलीत कारखान्याचे मोठे साहेब आणि विभागातली सगळी माणसं उभी होती. विश्वजीतनी काकासाहेबांना खूण केली. काकासाहेबांनी राउटरमध्ये खोचलेली पिवळी केबल तिथल्या तिथे ओढून काढली. पडद्यावरचे आकडे जरा थरथरले आणि पुन्हा पळू लागले. लाइन थांबली नाही.

"बघा," विश्वजीत म्हणाले, "पापणी लवली नाही."

शब्द तिचेच होते. तिने मान डोलावली आणि केबल परत लावायला सांगितली.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. केबल राउटरच्या तोंडातूनच उपटली तर त्याला ते लगेच कळतं, कारण त्याचाच दिवा विझतो. हाकांची वाट बघायचं कारण उरत नाही. पण ती केबल राउटरपासून थेट बाहेर जात नव्हती. खिडकीखाली एका लहान डबीत जाऊन, तिथून पुढे जमिनीखाली शिरत होती. डबीच्या पलीकडे तुटली तर राउटरचा दिवा तसाच जळत राहतो. समोरचा गेला आहे हे त्याला दिसत नाही, आणि तो हाका मारत बसतो. बाहेर खरोखर केबल तुटते ती पलीकडेच तुटते. जेसीबी काही खोलीत येऊन खणत नाही. विश्वजीत येणाऱ्या प्रत्येकाला अलीकडची केबल ओढून दाखवत. बहुधा त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

मोनिका कपाटाशी गेली. या वर्षीचा हार सुकून कपाटावर होता, पण केबलला नव्हता. बाहेरच्या दांडीला, लांब, नीट लटकवलेला होता. तिने काकासाहेबांना विचारलं, हार इथे कुणी लावला.

काकासाहेब सरळ माणूस. ते म्हणाले, "दांडीलाच लावायचा, अशी साहेबांची ऑर्डर हाय. वायरला हार बांधायचा नाय. त्या वर्षापासनंच."

 विश्वजीत खिडकीबाहेर पाहू लागले.

मोनिका मला म्हणाली की तोवर तिच्या मनात फक्त तपासणी होती. कडक, पण तपासणीच. ज्याला खरंच कळलं नाही त्याच्यावर किती रागवायचं, असं तिने स्वतःला दोन वर्षं समजावलं होतं. पण ऑर्डर त्याच वर्षीची होती, म्हणजे त्यांना माहीत होतं. कसला हार, असं विचारताना माहीत होतं. कँटीनच्या दारात तिच्या बापाचे जोडलेले हात बघतानाही माहीत होतं.

"आता ही काढा," ती म्हणाली आणि डबीच्या पलीकडच्या केबलकडे बोट दाखवलं.

विश्वजीत म्हणाले की त्याची गरज नाही, लाइन चालू आहे, तो भाग तपासणीत येत नाही. मोठे साहेब म्हणाले, काढा. काकासाहेबांनी काढली.

राउटरचा हिरवा दिवा जळत राहिला. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजले. काही क्षणांनी रस्त्यापलीकडच्या शेडमधला घरघराट एकेक करून विझत गेला आणि भोंगा वाजू लागला. कुणीतरी हात पुढे केला तशी मोनिका म्हणाली, कुणी काही हलवू नका, आपण थांबू. मग ती काही बोलली नाही. घड्याळाकडेही तिने पाहिलं नाही. तिने विश्वजीतकडे पाहिलं. हळूहळू बाकीचेही त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. काकासाहेब म्हणतात, एवढा मोठा वेळ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही.

मला हे ऐकताना तो पडदा आठवला, आणि ओळीवर ठेवलेलं ते बोट.

चाळीस सेकंद भरले. राउटरनी दुसरी वाट धरली, आकडे परत पळू लागले. लाइन मेलेलीच राहिली. मोठ्या साहेबांनी विचारलं, आता काय. तिने सांगितलं की जे झालं तेच रिपोर्टमध्ये जाईल, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही, आणि ते कुणाच्या म्हणण्याने बदलणार नाही. मग विश्वजीतकडे वळून म्हणाली, "रिपोर्टचा आणि याचा संबंध नाही. माझ्या वडिलांनी तुमच्यापुढे हात जोडले होते. ते तुम्ही ठेवून घेतलेत. परत करा."

 मोठे साहेबच विश्वजीतना हळू आवाजात म्हणाले, "जा."

बंद पडलेल्या लाइनवर माणसं यंत्रांजवळ हात बांधून उभी होती. बन्सी शेवटच्या टोकाला होता. एवढे सगळे साहेब लोक आपल्याकडेच येताहेत, मागे लेक आहे, हे पाहून तो घाबरला आणि टोपी काढून हातात घेतली. विश्वजीतनी हात जोडले. त्या वर्षी हार मीच बांधला होता, तुमच्या मुलीची चूक नव्हती, हे त्यांना भोंगा चालू असल्यामुळे मोठ्याने, दोनदा म्हणावं लागलं. शेजारच्या चार यंत्रांपर्यंत ते ऐकू गेलं.

हे तिने त्या चाळीस सेकंदांत मनात रंगवलं होतं. पप्पा गप्प उभे राहतील. साहेबांना हात जोडलेले ठेवून थोडं थांबावं लागेल. त्यांनी थांबावं, एवढंच तिला हवं होतं.

बन्सी एक क्षणसुद्धा थांबला नाही. "आरं आरं, साहेब," म्हणत त्याने त्यांचे दोन्ही हात धरून खाली केले. "असू द्या. चुकतंच मानूस. मनात ठेवू नका. चा घेतला का?"

मोनिकाच्या डोक्यात तिडीक गेली. लेकीवर आळ आला तेव्हा याच माणसाने साहेबांचं लगेच खरं मानलं होतं, आणि आज साहेबांना माफही लगेच केलं. साहेबांसाठी त्याची वाट नेहमीच मोकळी. ती पुढे झाली आणि सगळ्या लाइनसमोर म्हणाली, "पप्पा, तुम्ही गप्प बसा. नारळ फोडलात तेव्हा मला विचारलं होतं का? आता यांना सोडतानाही विचारलं नाही. तुम्ही कोण सोडणारे? आळ माझ्यावर होता. सोडायचं का नाही ते मी ठरवीन. आणि मी सोडलेलं नाही."

मग वळली आणि जोडे वाजवत बाहेर गेली.

रिपोर्ट तिने त्याच दिवशी पाठवला. कारखाना नापास. विश्वजीतना राउटरवर तिचीच जुनी सेटिंग परत बसवावी लागली, वाट स्थिर होईपर्यंत थांबायचं तेही धरून. त्यांची पुढे बदली झाली असं काकासाहेब सांगतात. फेरतपासणीला कोण जाणार, असं मी मोनिकाला विचारलं. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मीच. दुसरं कोण?" तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची एक रेघ नव्हती, आणि मी ती शोधलीही नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. लाइन हाताने उभी करण्यात बन्सीची पाळी लांबली होती. तो आला तो नेहमीसारखा माझ्या पायरीवर बसला. कपड्यांना ग्रीस, डोळे लाल. मला वाटलं, आता हा रडणार. 

मी विचारलं, काय निरोप आहे.

"निरोप नाय, बाई," तो म्हणाला आणि एकदम हसला. "मला बोलली ती. मलाच. समद्यांदेखत बोलली, लई बोलली." मग जरा थांबून, शेजारच्यालाही ऐकू जावं अशा आवाजात, जसा तो बसमध्ये काचेच्या खोलीकडे बोट दाखवून सांगायचा तसा म्हणाला, "अन् समदं खरं बोलली."

दोन घरं पलीकडून सत्यभामाने जेवायला हाक मारली. पाठोपाठ मोनिकाचाही आवाज आला, तुसडा, धारदार. पप्पा, आधी हातपाय धुवा, मगच ताटावर बसा. बन्सी लगबगीने उठला. माझा निरोप घ्यायलाही विसरला.